गोचीडताप, एक पिशवी रक्त आणि भिंतींतले दुखणे

२०२४ च्या मे महिन्यात आमच्या तांबी या कुत्रीला गोचीडताप झाला. चाचण्या, औषधे, रक्तदात्या कुत्र्याचा शोध, सोसायटीचे पत्र आणि घराच्या भिंती निर्धोक करण्याचे काम, हे सगळे मार्गी लागेपर्यंत ऑक्टोबर उजाडला. जी माहिती तेव्हा एका जागी हवी होती ती आम्हांला तुकड्यातुकड्यांनी, बहुतेक वेळा रात्री उशिरा कोणाकोणाला फोन करून मिळवावी लागली. ती इथे घडल्या क्रमाने लिहून ठेवते. मी शाळेत गणित शिकवते, पशुवैद्यकाशी माझा काही संबंध नाही. तेव्हा औषधांची नावे वाचून कोणी परस्पर दुकानातून गोळ्या आणू नयेत. नावे लिहिली आहेत ती एवढ्यासाठीच की डॉक्टर काय सांगत आहेत हे ऐकताना आमच्यासारखी कोणाची तारांबळ उडू नये.

तांबी ही सात वर्षांची देशी कुत्री. वजन साधारण वीस किलो, आणि खाण्याच्या बाबतीत इतकी पक्की की कुकरची दुसरी शिट्टी झाली की ती ओट्याजवळ हजर असते. सोमवारी, ६ मे रोजी रात्री तिने ताटलीला तोंड लावले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर पोट टेकून पडून होती आणि हाक मारल्यावर नुसते डोळे वर करत होती.

नागपुरात मे महिन्यात माणूस असो की जनावर, मलूल दिसले की निदान ठरलेलेच असते : ऊन लागले. शेजारच्या काकूंनी येऊन तिच्या कपाळावर हात ठेवला आणि निकाल दिला, "काही नाही होत बाप्पा, ऊन लागलं तिले. कांद्याचा रस काढा, तळपायाले चोळा अन् चमचाभर पाजून द्या." काकूंचा जीव आहे तांबीवर, आणि माणसांच्या बाबतीत हा उपाय आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. मात्र कांदा किंवा लसूण, कच्चा असो वा शिजवलेला, कुत्र्याच्या पोटात गेला की त्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटू लागतात. आणि पायाला चोळलेला रस ती चाटणार हे उघड होते. हे आम्हांला आधीपासून ठाऊक असल्यामुळे कांदा टळला. त्या दिवसांत तिच्या रक्तपेशी किती घटल्या होत्या हे पुढे कळले, तेव्हा या छोट्याशा नकाराचे मोल लक्षात आले. हीच गोष्ट घरातल्या तापाच्या गोळ्यांची. पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन कुत्र्याला आपल्या मनाने देऊ नये, मांजरीला तर पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा जिवावर बेतू शकते.

मंगळवारी, ७ मे रोजी आम्ही तिला घराजवळच्या दवाखान्यात नेले. ताप १०४.६ अंश फॅरनहाइट होता. कुत्र्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ या दरम्यान असते, त्यामुळे हात लावून 'अंग गरम आहे' म्हणण्याला तसा अर्थ नसतो. तापाचे इंजेक्शन, सलाइन, आणि 'उन्हाळ्याचे दिवस आहेत, दोन दिवस बघू' असा सल्ला मिळाला. ८ तारखेला तिने थोडा दहीभात खाल्ला आणि आम्ही सुटकेचा नि:श्वास टाकला. गुरुवारी, ९ मेच्या संध्याकाळी तिच्या डाव्या नाकपुडीतून रक्ताची बारीक धार लागली. मुलाने तिला कुशीवर वळवले तेव्हा पोटाच्या उघड्या कातडीवर सुईने टोचल्यासारखे जांभळट-लाल ठिपके दिसले. ओठ वर करून हिरडी पाहिली तर ती पांढुरकी. निरोगी कुत्र्याची हिरडी बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होते. इथे परत यायला गुलाबी रंगच शिल्लक नव्हता. आपला प्राणी धडधाकट असताना त्याच्या हिरड्यांचा रंग एकदा नीट पाहून ठेवावा, एखादा फोटोही काढून ठेवावा, म्हणजे बिघाड झाल्यावर तुलना करायला काहीतरी हाताशी असते.

१० मे ही अक्षय्य तृतीया होती. सणामुळे निम्मे दवाखाने बंद होते. दुपारी बाराच्या सुमाराला धरमपेठेतल्या एका डॉक्टरीणबाईंनी 'घेऊन या' म्हटले. त्रिमूर्तीनगरहून भर उन्हात रिक्षाने जायचे होते, तेव्हा ओला पंचा तिच्या पोटाखाली आणि मांड्यांमध्ये घातला, पाण्याची बाटली बरोबर घेतली आणि रिक्षावाल्या भाऊंना आधीच स्पष्ट सांगितले की कुत्री आजारी आहे, कदाचित नाकातून रक्त येईल. आधी सांगितले की माणसे सहसा नाही म्हणत नाहीत. दारात आल्यावर सांगितले की म्हणतात.

डॉक्टरीणबाईंनी तपासणीच्या टेबलावर सर्वांत आधी तिच्या पायाची बोटे फाकवून पाहिली. उजव्या पुढच्या पायाच्या दोन बोटांच्या मध्ये एक तपकिरी गोचीड चिकटलेली होती आणि कानाच्या घडीत आणखी एक, ती इतकी लहान की मला ती चामखीळ वाटली असती. त्यांनी बारीक चिमट्याने ती अगदी कातडीलगत धरली, न पिळता सरळ वर ओढली आणि स्पिरिटच्या बाटलीत टाकली. गोचीड बोटांनी चिरडू नये, तिच्यावर रॉकेल किंवा टर्पेंटाइन ओतू नये, हे त्यांनी काम करता करताच सांगितले. मग पायाच्या शिरेतून रक्त घेतले. तयार किटवरची चाचणी काही मिनिटांत झाली : एर्लिकिया, होकारार्थी. हा जिवाणू गोचिडीच्या चाव्यातून रक्तात शिरतो आणि पांढऱ्या पेशींत घर करतो. बिंबाणू, म्हणजे ज्यांना सगळे प्लेटलेट म्हणतात त्या पेशी, झपाट्याने कमी होतात आणि म्हणून नाकातून, हिरड्यांतून, कातडीखाली रक्त येऊ लागते. संध्याकाळी प्रयोगशाळेचा अहवाल आला. हिमोग्लोबिन ४.३. रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण, अहवालात पीसीव्ही म्हणून लिहितात ते, १३ टक्के. निरोगी कुत्र्यात ते ३७ च्या वर असते. प्लेटलेट १८ हजार, जे निदान पावणेदोन लाख तरी हवेत.

रात्रीच डॉक्सिसायक्लीन हे प्रतिजैविक सुरू झाले. डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्याच वाक्यात सांगितले की औषध आपले काम करील, पण त्याला दोन-तीन दिवस लागतात आणि एवढ्या कमी रक्तावर तिला तेवढे दिवस निघतील याची खात्री देता येत नाही; उद्या सकाळपर्यंत दाता शोधा.

कुत्र्याला रक्त देतात हे मी ऐकून होते, पण ते कुठून आणायचे याचा विचार कधी केला नव्हता. त्यांच्या मदतनीस मुलाकडे एका वहीत दात्यांची यादी होती. दाता कुत्रा साधारण एक ते आठ वर्षांचा, पंचवीस किलोंहून जास्त वजनाचा, सगळी लसीकरणे झालेला आणि शांत स्वभावाचा हवा. त्याला स्वतःला पूर्वी कधी रक्त चढवलेले नसावे आणि गोचिडीचा आजार झालेला नसावा. शेवटच्या अटीवर यादीतली बरीच नावे गळाली. रात्री मी, माझे यजमान आणि मुलगा असे तिघे तीन फोनवर बसलो होतो. यजमान बुटीबोरीला कारखान्यात आहेत. त्यांच्या पाळीतल्या एका सहकाऱ्याने मानेवाड्यातल्या आपल्या मित्राला विचारले आणि अकराच्या पुढे त्या मुलाचा फोन आला. त्याच्याकडे चौतीस किलोंचा लॅब्राडॉर होता. त्याने एवढेच विचारले, "किती वाजता यायचं? सकाळी त्याला खायला द्यायचं की नाही?" उपाशी ठेवायचे होते, पाणी चालणार होते.

शनिवारी, ११ मे रोजी सकाळी आठला आम्ही पोहोचलो. आधी दात्याचे रक्त तपासले, तीच किट, पेशींची मोजणी, आणि मग काचपट्टीवर दोघांचे रक्त एकत्र करून गुठळ्या होतात का ते पाहिले. कुत्र्यांमध्ये पहिल्यांदा रक्त चढवताना तीव्र विरोध होण्याची शक्यता बरीच कमी असते, दुसऱ्या वेळी मात्र ही जुळणी टाळताच येत नाही, असे कळले. दात्याच्या मानेवरचे केस मशीनने काढले, तो कुशीवर निवांत पडून राहिला, मालकाने त्याचे डोके मांडीवर घेतले, आणि मदतनीस मुलगा जमिनीवर उकिडवा बसून पिशवी वजनकाट्यावर सावकाश डुलवत राहिला, म्हणजे आतले गोठणविरोधी द्रव्य नीट मिसळावे. माणसांच्या रक्तपेढीत असते तशीच ती ३५० मिलिलिटरची पिशवी होती. पंधरा मिनिटांत ती भरली. दाता उठला, अंग झटकले, पोटभर खाल्ले आणि दाराकडे जाऊन उभा राहिला. त्या मुलाने पेट्रोलचे पैसेसुद्धा घेतले नाहीत.

तांबीला रक्त चढवायला मात्र दुपार झाली. पहिला अर्धा तास थेंब अगदी सावकाश सोडतात आणि दर पंधरा मिनिटांनी तापमान, श्वास आणि नाडी पाहतात. तोंड सुजणे, अंगावर गांधी उठणे, उलटी, थरथर यांपैकी काही दिसले तर लगेच सांगायचे होते. पुढे वेग वाढवतात आणि चार तासांच्या आत पिशवी संपवतात, कारण त्याहून जास्त वेळ ते रक्त खोलीच्या तापमानात ठेवणे धोक्याचे. मी तापमान एका कागदावर लिहीत होते. एकदा ते अर्ध्या अंशाने वर गेले तेव्हा वेग कमी केला, इंजेक्शन दिले आणि पुन्हा सुरू केले. साडेचारच्या सुमाराला पिशवी संपली. संध्याकाळी पीसीव्ही २१ होते. वजनाच्या दर किलोमागे दोन मिलिलिटर रक्त दिले की ते साधारण एकाने वाढते, असा ठोकताळा आहे. गणिताच्या शिक्षिकेला त्या दिवशी जुळलेल्या या हिशेबाने फार आधार दिला.

खर्चाचे सांगते, कारण फोनवर हे कोणी सांगत नाही आणि मग दवाखान्यात खिसा चाचपत उभे राहावे लागते. १० आणि ११ मे या दोन दिवसांत चाचण्या, दात्याच्या तपासण्या, पिशवी, सलाइन आणि डॉक्टरांची फी धरून साडेनऊ हजारांच्या आसपास गेले. पुढच्या महिनाभराची औषधे आणि पुन्हा पुन्हा केलेली रक्ततपासणी यांना साडेपाच हजार. हे आमचे आकडे, दुसऱ्या दवाखान्यात ते वेगळे असतील. डॉक्सिसायक्लीन हे मुख्य औषध या सगळ्यात सर्वांत स्वस्त होते, हे विशेष. डॉक्टरीणबाईंनी आमचा हात आखडता होतोय हे ओळखून एक चाचणी पुढे ढकलता येईल असे स्वतःहून सांगितले. असे विचारायला संकोच करू नये, कोणती तपासणी आजच हवी आणि कोणती आठवड्याने चालेल याचे उत्तर बहुतेक डॉक्टर सरळ देतात.

१४ मेला तांबी स्वतःहून उठून गॅलरीत गेली. प्लेटलेट ६४ हजार. घरात दिवाळी. आणि माझ्या मते या आजारातला सर्वांत कसोटीचा काळ इथूनच सुरू होतो, कारण आता रुग्ण बरा दिसतो आणि दुखणे अजून जागेवरच असते. डॉक्सिसायक्लीन २८ दिवस घ्यायचे असते. तिच्या वजनाला शंभर मिलिग्रॅमची गोळी सकाळ-संध्याकाळ लिहून दिली होती, म्हणजे शेवटची गोळी ६ जूनच्या रात्री. चौथ्या दिवशी खेळणाऱ्या कुत्र्याला पंचविसाव्या दिवशीही गोळी देत राहणे हे वाटते तितके सोपे नाही. ती गोळी जिभेखाली लपवायला शिकली. आम्ही गोळी उकडलेल्या अंड्याच्या पिवळ्या बलकात दाबून द्यायचो आणि वरून सिरिंजने थोडे पाणी पाजायचो, कारण ही गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते. रिकाम्या पोटी दिली की उलटी, आणि दुधातून दिली तर औषध पुरते शोषले जात नाही. दूध, दही, पनीर यांपासून गोळीचे अंतर दोन तासांचे. आमच्याकडे सगळी औषधे दुधातून द्यायची रीत असल्याने फ्रिजवर ठळक अक्षरांत कागद चिकटवला. प्लेटलेटसाठी सुरुवातीला स्टेरॉइडही होते, ते हळूहळू कमी करत बंद केले. त्या दिवसांत तिला प्रचंड तहान लागायची आणि रात्री दोनदा खाली न्यावे लागायचे.

घराबाहेर नेण्याच्या वेळा उन्हाने ठरवल्या. पहाटे साडेपाचच्या आत आणि रात्री साडेआठनंतर, तेही डांबरी रस्त्यावर हाताची उलटी बाजू पाच-सहा सेकंद टेकवून पाहून. ज्या ३० मेला शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश तापमान नोंदले गेले आणि नंतर हवामान खात्याने यंत्रात बिघाड असल्याचे स्पष्ट केले, त्या दिवशी आकडा खोटा होता हे मान्य करूनही आमच्या इमारतीत कोणाला तो खोटा वाटत नव्हता. रक्त कमी असलेल्या कुत्र्याला धापा टाकणेही परवडत नाही, म्हणून दुपारभर तिला कूलरच्या खोलीतच ठेवले, खिडकी थोडी उघडी, कारण कोंडलेल्या दमट हवेत कूलरचा उपयोग उलटा होतो.

आता मूळ मुद्दा. पहिल्या दिवसापासून आम्ही आजाराचा दोष काटोलकडच्या शेतावर टाकत होतो, कारण एप्रिलमध्ये आम्ही तिला तिकडे नेले होते आणि गोठ्यात गोचिडी असतातच. डॉक्टरीणबाईंनी बाटलीतली गोचीड भिंगाखाली दाखवून सांगितले की गुराढोरांवरची गोचीड सहसा वेगळ्या जातीची असते. ही तपकिरी गोचीड कुत्र्यांवर जगते आणि घरातच संसार थाटते. अळी, पिल्लू आणि प्रौढ अशा तिन्ही अवस्थांत ती कुत्र्याचे रक्त पिते, प्रत्येक वेळी पोट भरले की खाली उतरते आणि भिंतीच्या फटीत जाऊन कात टाकते. मादी शेवटी अशाच फटीत हजारो अंडी घालते. प्रौढ गोचीड अन्नाशिवाय कित्येक महिने तग धरते. शिवाय ती खाली लपत नाही, वर चढते. पडद्याची घडी, छताचा कोपरा, दाराच्या चौकटीची वरची कड. "कुत्रीवर दिसतात त्या थोड्या. बाकीच्या तुमच्या भिंतीत आहेत," त्या म्हणाल्या, "मी फक्त अर्धा उपचार करते आहे, अर्धा तुम्हांला करायचा आहे."

रविवारी, १९ मे रोजी आम्ही टॉर्च घेऊन घर तपासले. सोफा उलटा केला आणि खालचे काळे कापड फाडले, तर लाकडी पट्टीच्या कडेला ओळीने बसलेल्या गोचिडी दिसल्या, काही राखाडी आणि टरारून फुगलेल्या, काही चपट्या. कूलरच्या लोखंडी स्टँडच्या पोकळ पायात, विजेच्या बोर्डाच्या झाकणामागे, गॅलरीच्या दाराच्या वरच्या कडेला, स्कर्टिंगच्या फटीत. व्हॅक्यूमने ओढून पिशवी लगेच साबणाच्या पाण्यात बुडवली, तिची अंथरुणे गरम पाण्यात धुतली, फटी पांढऱ्या सिमेंटने बुजवल्या. फवारणीसाठी माणूस बोलावला. एकदा करून भागत नाही, अंड्यांवर औषधाचा फारसा परिणाम होत नसल्याने नवी पिल्ले निघतील तेव्हा पुन्हा करावी लागते. आम्ही २२ मेला, ८ जूनला आणि जुलैच्या सुरुवातीला अशी केली. फवारणीच्या दिवशी तांबी नणंदेकडे, आणि फरशी पूर्ण वाळेपर्यंत परत नाही. ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांनी विशेष लक्ष द्यावे : या फवाऱ्यांत बहुधा परमेथ्रिनच्या जातीची औषधे असतात आणि ती मांजरीला विषारी ठरतात. वरच्या मजल्यावर मांजर असल्याने आम्ही त्यांना तारीख आधी कळवली. तांबीला स्वतःला बारा आठवडे चालणारी गोचीडरोधक चघळायची गोळी दिली. तिची किंमत तेव्हा सुमारे दोन हजार रुपये होती, आणि ती कुत्र्याच्या वजनाप्रमाणेच घ्यावी लागते.

फवारणीची बातमी इमारतीत पसरली आणि २५ मेला सोसायटीचे पत्र आले. त्यात 'आपल्या पाळीव प्राण्यामुळे रहिवाशांच्या आरोग्यास धोका' असल्याचे म्हटले होते आणि कुत्र्याला 'अन्यत्र हलवण्याची व्यवस्था' करण्यास सांगितले होते. सोबत लसीकरणाचा दाखला आणि महापालिकेकडील नोंदणीची पावती मागितली होती. खरी अडचण दाखल्याची होती. रेबीजची वार्षिक लस २० मेला द्यायची होती, पण आजारात आणि स्टेरॉइड चालू असताना ती पुढे ढकलायला सांगितले होते. त्यामुळे कागदावर तांबी चक्क बिनलसीची दिसत होती. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या छापील कागदावर निदान, उपचाराच्या तारखा, लस पुढे ढकलण्याचे वैद्यकीय कारण आणि हा आजार कुत्र्याला हात लावल्याने किंवा त्याने चाटल्याने माणसाला होत नाही, अशा चार ओळी लिहून सही-शिक्का दिला. लस कोणत्याही कारणाने लांबली तर असा कागद त्याच दिवशी मागून घ्यावा.

बैठक २ जूनला, रविवारी होती. मी पत्राला लेखी उत्तर दिले, त्यावर सचिवांची पोच घेतली. भारतीय पशुकल्याण मंडळाने २०१५ मध्ये पाळीव कुत्र्यांबाबत सोसायट्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढलेल्या आहेत. बहुमताने ठराव करूनसुद्धा सोसायटीला प्राणी पाळण्यावर बंदी घालता येत नाही असे त्यांत म्हटले आहे, आणि त्याच सूचनांत मालकाने स्वच्छतेची काळजी घ्यावी असेही म्हटले आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानुसार प्राण्याला उपाशी-तहानलेले राहील अशा स्थितीत विनाकारण सोडून देणे हा गुन्हा आहे. या दोन्हींच्या छापील प्रती मी नेल्या होत्या, पण त्या बैठकीत कायद्यापेक्षा सोफ्याखालच्या फोटोंचा उपयोग जास्त झाला. एका काकांनी त्यांच्याही पडद्यावर असला 'किडा' पाहिल्याचे सांगितले. मग दुसऱ्या मजल्यावरून, मग पार्किंगशेजारच्या घरातून. गोचिडी आमच्या घरातून निघाल्या की पार्किंगमधून आमच्याकडे आल्या, याचा निवाडा कोणी करू शकत नव्हते, आणि माझ्या दृष्टीने तो करण्याची गरजही नव्हती.

पार्किंगमध्ये दोन भटकी कुत्री राहतात. त्यांना उचलून दूर सोडून द्यावे अशी एक सूचना आली. पण २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार नसबंदी आणि लसीकरण झालेल्या कुत्र्याला त्याच्याच जागी परत सोडायचे असते, आणि या दोघांच्या कानाला नसबंदीची खूण आहे. शिवाय ती गेली तरी भिंतीतल्या गोचिडी तिथेच राहणार. शेवटी ठरले ते असे : जिना, पार्किंग आणि चौकीदाराची खोली यांची फवारणी सोसायटीच्या खर्चाने, आमच्या घरातल्या फवारणीच्या तारखांनाच; पार्किंगमधल्या दोघांच्या गोळ्यांचा खर्च आम्ही आणि आणखी तीन घरांनी वाटून घ्यायचा. अंदाजे वजनासाठी डॉक्टरीणबाईंना फोटो पाठवले, त्यांनी प्रत्यक्ष येऊन पाहिल्यावरच मात्रा सांगितली. चिकनच्या तुकड्यात गोळी घालून एकाने क्षणात गिळली. दुसऱ्याने चिकन खाऊन गोळी स्वच्छ पुसून फरशीवर ठेवली. तांबीला हलवण्याच्या मागणीचा उल्लेख इतिवृत्तात पुढे आलाच नाही. मी इतिवृत्ताची प्रत मागून घेतली.

६ जूनला गोळ्या संपल्या. ८ जूनच्या तपासणीत प्लेटलेट २ लाख १० हजार, पीसीव्ही ३४. कोणीतरी पुन्हा किटवरची चाचणी करून 'निगेटिव्ह' आले का पाहा म्हणून सुचवले. ती चाचणी प्रतिपिंडे, म्हणजे अँटीबॉडी, शोधते, आणि ही प्रतिपिंडे आजार गेल्यावरही कित्येक महिने रक्तात राहतात. त्यामुळे बरे झाल्याची खूण म्हणून तिचा उपयोग नाही आणि त्यावर पुन्हा खर्च करण्यात अर्थ नाही. हा आजार अंगात दबून राहू शकतो, कुत्रा वरवर उत्तम दिसतो आणि प्लेटलेट आतून घसरत असतात. म्हणून सप्टेंबरात पुन्हा रक्त तपासायचे ठरले. त्यासोबत पोटाची सोनोग्राफी करायची होती, प्लीहा वाढलेली आहे का हे पाहण्यासाठी. त्यासाठी आम्ही सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालयात गेलो. हे महाविद्यालय १९५८ पासूनचे आहे आणि आता महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचा भाग आहे. सकाळी लवकर जावे, जुने सगळे अहवाल तारखेच्या क्रमाने लावून न्यावेत. रांगेत आमच्या पुढे एक आजोबा शेळी घेऊन बसले होते. त्यांनी तांबीची चौकशी केली आणि सगळे ऐकून म्हणाले, "कुत्र्याले रक्त देतेत? मंग बकरीलेबी देत असतीन." देतात, असे मागच्या बाकावरच्या विद्यार्थ्याने सांगितले. प्लीहा किंचित मोठी निघाली, काळजीचे कारण नाही असे कळले. रेबीजची लस जुलैतच झाली होती. तो दाखला मी सोसायटीत जमा केला आणि त्याचीही पोच घेतली.

आता कॅलेंडरवर गोचिडीच्या गोळीच्या तारखा, लसीची तारीख आणि दर सहा महिन्यांच्या रक्ततपासणीची तारीख लिहिलेली आहे. रोज संध्याकाळी फिरून आल्यावर बोटांच्या बेचक्या, कानांच्या घड्या, बगला, शेपटीचे मूळ आणि पट्ट्याखालची मान, या क्रमाने हात फिरवतो. क्रम ठरलेला असला की काही राहत नाही. दारामागच्या खुंटीवर तिची फाइल असते. त्यात पहिल्या पानावर वजन, रक्तगटाची जुळणी पुढच्या वेळी आवश्यक असल्याची नोंद, चालू औषधे आणि दोन दवाखान्यांचे क्रमांक आहेत. घरात कोणी नसताना काकूंनाही ती उघडता यावी म्हणून हे सगळे मराठीत लिहिले आहे. कांदा-लसूण, द्राक्षे-मनुका, चॉकलेट आणि माणसांच्या गोळ्या देऊ नयेत, हेही त्याच पानावर आहे, आणि काकूंनी ते वाचून "मले काय माहीत होतं बाप्पा" असे म्हणत चार ठिकाणी फोन करून सांगितले.

तांबीला आता कधीच दुसऱ्या कुत्र्यासाठी रक्तदान करता येणार नाही. गोचिडीचा आजार झालेला आणि रक्त घेतलेला कुत्रा दाता म्हणून चालत नाही. नणंदेचा मनीषनगरातला लॅब्राडॉर चार वर्षांचा आणि एकतीस किलोंचा आहे. त्याची तपासणी आम्ही ऑक्टोबरात आमच्या खर्चाने करून घेतली. अहवाल स्वच्छ आला. दवाखान्याच्या वहीत त्याचे नाव लिहिताना मदतनीस मुलाने विचारले की कोणत्या वेळेत फोन करायचा. नणंदेने दोन क्रमांक दिले आणि 'रात्री कितीही वाजता' असे समोर लिहून घ्यायला लावले.